हरिश्चंद्रगडाचा चौथा खांब : ‘दडविलेल्या इतिहासा’च्या चलच्चित्रांचे परीक्षण

या त्रैमासिकात ग्रंथांची परीक्षणे येतात, कागदपत्रांची येतात, क्वचित एखाद्या नाण्याची अथवा शिलालेखाच्या ठशाचीही येतात. त्यांच्या पंक्तीस मोबाइलवर पाहावयाच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चित्रांस बसवावे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. प्रस्तुत लेखकासही तो पडला होता. परंतु एका प्रसंगाने त्याचा निकाल लाविला.

काही महिन्यांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी अकोल्यास माझ्या घरी आला. सुटीच्या दिवशी हरिश्चंद्रगडावर येणाऱ्या प्रवाशांस वाट दाखविण्याचे काम तो करितो. त्याने मोबाइलवर गडासंबंधी एक चित्र मला दाखविले आणि ते संपल्यावर विचारिले, “सर, शाळेत इतकी वर्षे तुम्ही आम्हांला शिकवलंत, हे का नाही सांगितलं? की तुम्हांलाही सांगू देत नव्हते?” पहिल्या प्रश्नाने मला हसू आले, दुसऱ्याने ते मावळले. ज्याने कधी कोणाचे काही दडविले नाही अशा शाळामास्तरास आपण कटात सामील असल्याचा संशय प्रथमच ऐकावयास मिळाला होता, आणि तो बोलणारा मुलगा लबाड नव्हता. तो जिज्ञासू होता. त्याच्या जिज्ञासेस जे अन्न मिळाले ते कसे शिजविलेले आहे हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकांचे काम आहे, असे मला वाटले. त्यानंतर त्या जातीची पुष्कळ चित्रे मी पाहिली. त्यांच्या कर्त्यांची नावे येथे घेत नाही. कारण परीक्षा माणसांची नसून पद्धतीची आहे, आणि पद्धत सर्वांची एकच आहे.

या वाङ्मयप्रकाराचा जन्म फार जुना नाही. २००५ साली अमेरिकेत ‘लूज चेंज’ नावाचा माहितीपट निघाला. २००१ सालच्या न्यूयॉर्कवरील हल्ल्यामागे तेथील सरकारचाच हात होता असे त्याचे प्रतिपादन होते, आणि त्याची पहिली आवृत्ती सुमारे दोन हजार डॉलरांत, घरच्या संगणकावर तयार झाल्याचे सांगतात. यूट्यूबही त्याच वर्षी सुरू झाले. वृत्तपत्रांतील चित्रफिती, काही छायाचित्रे, गंभीर संगीत आणि पडद्यामागून बोलणारा एक आवाज एवढ्या साहित्यावर कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचता येते, हे त्या चित्राने दाखवून दिले. २०२० सालच्या महामारीत ‘प्लँडेमिक’ नावाचे अशाच जातीचे चित्र काही दिवसांत लक्षावधी लोकांनी पाहिले व त्याचा उपसर्ग वैद्यकास झाला. आपल्याकडे २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि ड्रोनने आकाशातून चित्रण करणे हौशी मनुष्याच्याही आवाक्यात आले. तेव्हापासून गड, लेणी आणि देवळे ही या चित्रांची मुख्य पेठ झाली.

रचना बहुधा ठरलेली असते. प्रथम आकाशातून दिसणारा डोंगर, मग धुके, मग एक प्रश्न. प्रश्नानंतर उत्तर येत नाही, दुसरा प्रश्न येतो. मध्येच ‘शास्त्रज्ञही चक्रावले’ असे एक वाक्य येते. कोणता शास्त्रज्ञ, कोठे व केव्हा चक्रावला हे कळत नाही. एखाद्या बंद दरवाजावर किंवा लोखंडी जाळीवर तांबडे वर्तुळ काढिले जाते आणि ‘हे आपल्यापासून का लपविले?’ असे विचारून चित्र संपते. आता हे सर्व आपल्या तालुक्यातील एका उदाहरणावर घासून पाहू.

हरिश्चंद्रगड सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १४२० मीटर उंचीवर आहे. अकोल्याहून राजूरच्या वाटेने पाचनईस जावे आणि तेथून चढावे, हा आमच्या बाजूचा मार्ग. गडावर हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ आहे आणि त्यापासून थोड्याच अंतरावर केदारेश्वराचे लेणे आहे. लेण्यात थंडगार पाणी साचलेले असते. त्या पाण्याच्या मध्यभागी पुरुषभर उंचीच्या जवळपास जाणारे मोठे शिवलिंग आहे आणि लिंगाभोवती चार खांब होते. त्यांपैकी तीन भग्न असून एकच अखंड उभा आहे. लोकांत अशी कथा आहे की, हे चार खांब म्हणजे चार युगे; तीन युगे संपली तसे तीन खांब पडले; चौथा कलियुगाचा असून तो पडेल त्या दिवशी जगाचा अंत होईल.

कथा म्हणून ती सुंदर आहे, आणि निराधारही नाही. धर्म हा वृषभरूप असून कृतयुगात तो चार पायांवर उभा असतो व कलियुगात त्याचा एकच पाय उरतो, ही कल्पना पुराणांत प्रसिद्ध आहे. भागवताच्या प्रथम स्कंधात परीक्षित राजास हा एकपाद वृषभ भेटतो. डोंगरावरील ज्या कोणा भाविकाने एक खांब उरलेला पाहिला, त्याच्या मनात हा वृषभ उभा राहिला असावा असे मला वाटते. पुराणातील रूपक दगडात दिसणे हा लोकप्रतिभेचा व्यापार होय. परंतु चलच्चित्रकार त्यास रूपक राहू देत नाही. तो म्हणतो की हे भाकीत आहे, प्राचीनांस ज्ञात असलेले रहस्य आहे, आणि ज्यांनी ते सांगावयास हवे ते गप्प आहेत.

बरे, भाकीत तर भाकीत. त्याच्याच शब्दांस धरून हिशेब करू. पौराणिक गणनेने कृतयुग १७,२८,००० वर्षांचे, त्रेता १२,९६,०००, द्वापर ८,६४,००० आणि कलि ४,३२,००० वर्षांचे. कलियुगाचा आरंभ ज्योतिषी ख्रिस्तपूर्व ३१०२ मध्ये धरितात. म्हणजे द्वापर संपताना पडावयाचा तिसरा खांब ख्रिस्तपूर्व ३१०२ च्या सुमारास पडला पाहिजे, आणि पहिला त्यापूर्वी एकवीस लक्ष वर्षांहूनही आधी. आता हीच चित्रे गडाचा काळ कोणता सांगतात? बहुतेक चित्रांत आरंभीच सहावे शतक सांगितलेले असते. गडावरील देऊळ व लेणी तर त्याहूनही पुष्कळ अलीकडची मानितात. तेव्हा चित्रकाराच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे खांब कोरले जाण्यापूर्वी निदान छत्तीस शतके मोडलेले होते! पहिल्या मिनिटातील वाक्य दहाव्या मिनिटातील वाक्याचा गळा घोटते. नैयायिक यास व्याघात म्हणतात. आणि कलियुगाची अद्यापि सव्वाचार लाखांहून अधिक वर्षे शिल्लक असल्याने प्रवाशांनी त्या खांबाकडे भयाने पाहण्याचे कारण नाही. मात्र त्यास हात लावून पाहण्याचेही नाही.

दुसरे आश्चर्य असे सांगतात की, एवढे प्रचंड छत एका खांबावर तोलले जाणे विज्ञानास न उलगडणारे आहे. येथे बांधणे आणि कोरणे यांतील भेदच ध्यानात घेतलेला नाही. बांधीव देवळात खांब आधी उभा राहतो आणि छत त्यावर चढते. त्यामुळे खांब काढिला तर छत येते. कोरीव लेण्यात छत म्हणजे डोंगरच होय. खांब हा डोंगराचा न काढिलेला भाग. तो चारी बाजूंच्या सलग खडकास धरून असलेल्या छतास शोभा देतो, क्वचित आधारही देतो, परंतु त्याच्या अभावी छत लगेच पडतेच असे नाही. घारापुरीच्या मोठ्या लेण्यात कित्येक खांब मोडले होते, पुढे पुरातत्त्व खात्याने त्यांची दुरुस्ती केली. तोपर्यंत छत काही समुद्रात गेले नव्हते.

आता याच गडाविषयी जे खरोखर सांगण्याजोगे आहे ते कोणत्याही चित्रात मला पुरतेपणी आढळले नाही. चांगदेवांचा ‘तत्त्वसार’ हा मराठी ग्रंथ याच हरिश्चंद्राच्या ठिकाणी पूर्ण झाला, आणि त्यात रचनेचा शक १२३४, परिधावी संवत्सर, असा काल दिलेला आहे. म्हणजे इसवी सन १३१२. हा काल कितपत विश्वसनीय, हे तपासण्यास अधिकाऱ्यांची परवानगी लागत नाही, ड्रोनही लागत नाही. शकांकात बारा मिळवावे आणि साठाने भागावे. १२३४ आणि १२ मिळून १२४६. साठाने भागून बाकी ४६. आणि प्रभवापासून शेहेचाळिसावा संवत्सर परिधावीच येतो. शक आणि संवत्सर परस्परांची साक्ष देतात. ज्ञानेश्वरीनंतर अवघ्या बावीस वर्षांनी, सह्याद्रीच्या एका उंच पठारावर, कोणी योगी मराठीत तत्त्वज्ञान लिहीत बसला होता. ज्ञानदेवांस कोरे पत्र पाठविल्याची आख्यायिका ज्यांच्याविषयी आहे तेच हे चांगदेव काय, हा प्रश्न विचार करावयास लावणारा आहे. रहस्यच हवे असेल तर ते हे घ्यावे. याच्या शोधास पोथ्या धुंडाळाव्या लागतात, एवढीच त्याची अडचण आहे.

हरिश्चंद्रगडाचे चित्र संपले की यूट्यूबचे यंत्र त्याच रांगेतील दुसरे चित्र पुढे करिते, आणि ते बहुधा वेरूळच्या कैलासाचे असते. माझ्या विद्यार्थ्याचाही क्रम तोच होता. यात मांडणी अधिक धीट आहे. कारण येथे आकडे आहेत आणि आकड्यांपुढे भलेभले नमतात. म्हणतात की, कैलास कोरताना चार लक्ष टन दगड काढावा लागला. काम अठरा वर्षांत झाले. रोज बारा तास धरिले तरी दर तासास पाच टन दगड निघावयास हवा. हे मनुष्याकडून शक्य नाही. सबब परग्रहावरील जीवांनी किंवा आज लुप्त झालेल्या यंत्रांनी ते केले असले पाहिजे. परग्रहावरील पाहुण्यांची ही कल्पना नवी नाही. एरिक फॉन डॅनिकेन या स्विस लेखकाने १९६८ सालच्या आपल्या पुस्तकाने ती जगभर केली, आणि पुढे अमेरिकन दूरचित्रवाणीवरील ‘एन्शंट एलियन्स’ या मालिकेतून ती वेरूळपर्यंत आली. आपल्या चित्रकारांनी तीवर मराठी आवाज चढविला, इतकेच.

भागाकार बरोबर आहे. अठरा वर्षांचे बारा-बारा तास म्हणजे ७८,८४० तास. चार लक्ष टनांस त्याने भागिले तर दर तासास पाच टन येतात. परंतु पाच टन म्हणजे पाच हजार किलो. अडीचशे माणसे कामावर असली तर प्रत्येकाच्या वाट्यास तासाला वीस किलो येतात. आपला काळा दगड जड असतो. वीस किलोंचे त्याचे आकारमान सात लिटरांच्या आसपास, म्हणजे अर्धी घागर. छिन्नी आणि हातोडा धरणाऱ्यास एका तासात अर्धी घागर दगड फोडणे अशक्य आहे काय, हे कोणाही खाणकामगारास विचारावे. आणि राष्ट्रकूटांच्या सार्वभौम राजास अडीचशेच माणसे का मिळावी? चित्रकार टन मोजतो, तास मोजतो, माणसे मात्र मोजीत नाही. सारा चमत्कार त्या न मोजण्यात आहे.

अठरा वर्षे ही संख्या तरी कोठून आली? कोणत्याही लेखात कैलासाचे काम इतक्या वर्षांत झाले असे म्हटलेले नाही. पहिल्या कृष्णराजाची कारकीर्द सामान्यतः इसवी सन ७५६ ते ७७३ धरितात. त्या कारकिर्दीचीच लांबी कामाची मुदत म्हणून वापरलेली आहे. हर्मन गोएट्झ यांनी १९५२ साली आणि डॉ. मधुकर केशव ढवळीकर यांनी १९८२ साली शैलीच्या आधारे या कामाच्या अनेक अवस्थांचा विचार केलेला आहे. कोणत्या अवस्थेचा काळ कोणता याविषयी मतभेद आहेत. परंतु काम एका दमात झाले हे गृहीतच ज्यास मान्य नाही त्याच्यापुढे अठरांचा भागाकार उभा राहत नाही.

आता ‘दडविले’ या आरोपाकडे वळू. कृष्णराजाने एलापूर येथे शिवालय करविले, याचा पुरावा कर्कराज सुवर्णवर्षाच्या बडोदे येथील ताम्रपटात आहे. त्याचा काल शक ७३४, म्हणजे इसवी सन ८१२-१३. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८३ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त या उल्लेखाची चर्चा छापून प्रसिद्ध केली. जे सत्य एकशे चाळीस वर्षांपूर्वी छापले गेले ते दडविलेले कसे? त्याहून मौजेची गोष्ट अशी की, त्या ताम्रपटातील वर्णनाप्रमाणे विमानांतून जाणारे देव हे मंदिर पाहून विस्मित होतात, आणि प्रत्यक्ष ते करणारा शिल्पीही आपल्या हातून पुन्हा असे होणे नाही या जाणिवेने थक्क होतो. म्हणजे आकाशातील पाहुणे ताम्रपटात आहेत खरे. परंतु ते पाहणारे आहेत, करणारा मनुष्य आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या कवीसही अद्भुत वाटले होते. पण त्या अद्भुताचे श्रेय त्याने ज्याचे त्यास दिले.

मराठीतही याची आठवण राहिली. कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरू’त अशी कथा आहे की, राजा रोगमुक्त झाल्यावर राणीने देवळाचे शिखर पाहीपर्यंत अन्न न घेण्याचे व्रत धरिले. कारागीर महिन्यांची मुदत मागू लागले. तेव्हा कोकस नावाच्या शिल्प्याने डोंगर वरून कोरावयास घेतला आणि आठवड्यात शिखर दाखविले. कथा ही कथाच आहे. तीवरून कालनिर्णय करू नये. परंतु कैलास वरून खाली कोरला गेला, ही जी गोष्ट चित्रांत आजचा शोध म्हणून सांगतात, ती पंधराव्या-सोळाव्या शतकातील मराठी कवीस ठाऊक होती. मध्य भारतातील अकराव्या ते तेराव्या शतकांच्या कित्येक लेखांत शिल्पी आपण कोकसाच्या कुळातील असल्याचे अभिमानाने सांगतात, आणि ढवळीकरांनी याच धाग्यावरून कोकस हा कैलासाचा मुख्य शिल्पी असावा असे अनुमान मांडिले आहे. अनुमान मान्य करा वा न करा. त्यात एका माणसाचे नाव आहे. परग्रहवादाने पहिला बळी घेतला तो या नावाचा. ज्याने हाताला घट्टे पाडून डोंगराचे देऊळ केले त्या पाथरवटाकडून त्याचे देऊळ काढून घेणे, हा माझ्या मते या चित्रांचा मुख्य अपराध आहे, आणि देशाभिमानाच्या नावाखाली तो घडतो ही त्यातील विटंबना.

याच चित्रांत औरंगजेबाने एक हजार माणसे लावून तीन वर्षे कैलास फोडविण्याचा यत्न केला व तो हरला, असेही ठासून सांगतात. आधाराचा कागद दाखवीत नाहीत. उलट औरंगजेबाच्या कारकिर्दीचा जो ‘मआसिर-इ-आलमगिरी’ हा इतिहास साकी मुस्तैदखानाने लिहिला, व ज्याचे इंग्रजी भाषांतर सर जदुनाथ सरकारांनी १९४७ साली प्रसिद्ध केले, त्यात वेरूळच्या लेण्यांचे वर्णन कौतुकाचे आहे. ते स्थळ फिरावयास रम्य असल्याचे तो लिहितो. औरंगजेबाने इतरत्र देवळे पाडली यास भरपूर पुरावा आहे, आणि तो त्याच ग्रंथात आहे. म्हणूनच जेथे पुरावा नाही तेथे कथा जोडण्याची गरज नाही. खोट्या साक्षीने खरी फिर्यादही दुर्बळ होते.

ही पद्धत इंटरनेटने निर्माण केली असे मात्र नव्हे. तिचा छापील पूर्वज मराठी माणूसच होता. पुरुषोत्तम नागेश ओक (१९१७–२००७) यांनी १९६४ साली भारतीय इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी संस्था काढिली आणि १९६५ पासून ताजमहाल हा मूळचा राजपूत वाडा, व पुढे शिवालय, असे प्रतिपादन पुस्तकांमागून पुस्तकांत केले. त्यांचा आवडता आधार म्हणजे ‘बादशाहनामा’. त्यात ताजमहालासाठी घेतलेल्या जागेवर पूर्वी राजा मानसिंहाचे घर होते व ते राजा जयसिंहाकडे होते असा उल्लेख खरोखरच आहे. परंतु त्याच ग्रंथात त्या जागी पाया घातल्याचे व इमारत उठविल्याचेही वर्णन आहे, आणि मोबदल्यात जयसिंहास चार हवेल्या दिल्याचे १६३३ चे फर्मान उपलब्ध आहे. साधन खरे, पान खरे, वाक्यही खरे. परंतु पुढील वाक्य वाचावयाचे नाही, ही ती युक्ती. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळिला. त्याने मत थांबले नाही. कारण न्यायालयही कटात आहे असे म्हणावयास काही लागत नाही. तळघरातील बंद खोल्यांचा प्रश्न २०२२ साली पुन्हा अलाहाबाद उच्च न्यायालयात गेला, तेथेही अर्ज फेटाळला गेला, आणि त्यावरही चित्रे निघाली. ओकांनी निदान पुस्तके लिहिली. त्यांतील पान काढून दाखविता येते व खोडून काढिता येते. चित्र डोळ्यांपुढून वाहून जाते, हा दोहोंतील फरक.

न्यायशास्त्राच्या भाषेत या सर्वांचे दोष दोन. पहिला असा की, हा वाद नव्हे, ही वितंडा होय. गौतमाच्या व्याख्येप्रमाणे स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा पक्ष पाडीत सुटणे म्हणजे वितंडा. ‘हे मनुष्याने केले असेल काय?’ असे विचारणारा ‘मग कोणी, केव्हा, कोणत्या साधनाने?’ या प्रश्नास बांधील राहत नाही. दुसरा दोष अनुपलब्धीचा. घागर दिसत नाही म्हणून ती नाही, हे अनुमान तेव्हाच खरे की, असती तर दिसली असती अशी स्थिती असेल. यास योग्यानुपलब्धि म्हणतात. कैलासातून निघालेला दगड आज दिसत नाही, सबब तो विरून गेला, असे चित्रकार म्हणतो. वेरूळास एकूण चौतीस लेणी आहेत. बाकीच्या तेहेतिसांचा दगड कोठे गेला हे तो विचारीत नाही. बाराशे वर्षांत फुटका दगड उताराखाली आणि घरांच्या भिंतींत जात नाही, असे गृहीत धरावयास आधार काय? या दोन दोषांवर तिसरे कुलूप चढते ते कटाच्या कल्पनेचे. पुरावा नसला तर तो लपविला. पुरावा दाखविला तर तो बनाविला. जे मत कोणत्याही पुराव्याने खोटे ठरू शकत नाही, ते कोणत्याही पुराव्याने खरेही ठरू शकत नाही.

इतके दोष दाखविल्यावर गुणही सांगितला पाहिजे. या चित्रांमुळे पुष्कळ तरुण गडांवर व लेण्यांत जाऊ लागले आहेत. कित्येक चित्रांतील छायाचित्रण इतके स्वच्छ आहे की, शिखरावरील जे थर खालून दिसत नाहीत ते घरी बसून पाहता येतात. निवेदन बंद करून मी ती पुन्हा पाहिली आणि मला लाभ झाला. शिवाय हे चित्रकार लोकांच्या भाषेत बोलतात. आम्ही तसे बोललो काय?

येथे आपल्याच घरात पाहिले पाहिजे. रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ आमच्या तालुक्याचे भूषण आहे. ते शिलाहार राजा झंझ याने नवव्या शतकात बांधिले, असे आम्ही मास्तर लोक सहलीस नेलेल्या मुलांस बिनदिक्कत सांगत आलो; मीही सांगितले आहे. याचा पाया काय? अनंतदेवाच्या शक १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात झंझाने आपल्या नावाने बारा शिवालये बांधिल्याची प्रशंसा आहे. बारा या संख्येस कोणी नद्यांच्या उगमांवरील बारा देवळांची यादी जोडली आणि ती पुस्तकापुस्तकांतून फिरली. परंतु अरब प्रवासी अल्-मसूदी चौलकडे आला तेव्हा, म्हणजे ९१६ च्या सुमारास, झंझ राज्य करीत होता. तो दहाव्या शतकाच्या आरंभीचा. अमृतेश्वराचे शिखर भूमिज घाटाचे आहे. त्याच घाटाच्या अंबरनाथच्या देवळातील लेख शक ९८२, म्हणजे १०६० चा आहे. तेव्हा अमृतेश्वर झंझाचे म्हणण्यापूर्वी पुष्कळ विचार हवा. ताम्रपटातील संख्या आणि डोंगरातील देऊळ यांमधील दरी आम्ही ज्या उडीने ओलांडली, ती चलच्चित्रकाराच्या उडीहून लांबीने कमी असेल. जातीने निराळी नाही.

आणि बंद दरवाजाचे काय? राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड छापिला, तो कागद लोकांसमोर यावे म्हणून. त्यानंतर किती घराण्यांतील, आणि स्पष्ट बोलावयाचे तर आपल्यासारख्या संग्राहकांच्या कपाटांतील, किती रुमाल अद्यापि सुटले नाहीत? पोथी दुसऱ्याने छापू नये म्हणून ती दाखवावयाची नाही, ही वृत्ती आपल्यात नाही असे कोणी शपथेवर सांगेल काय? ‘हे लोक लपवितात’ असे म्हणणाऱ्यास आपण दर वेळी थोडीशी साक्ष पुरवीत असतो.

याचा परिणाम केवळ गैरसमजापुरता राहत नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर शेदीडशे माणसांचा जमाव चालून गेला. जेम्स लेन या अमेरिकन अध्यापकाच्या शिवचरित्रविषयक पुस्तकातील मजकुरावर रोष होता. पुस्तकात संस्थेचे आभार मानिले होते. तेवढ्यावरून येथील विद्वान सामील आहेत असे ठरले, आणि ग्रंथ, हस्तलिखिते व वस्तू यांची नासधूस झाली. तेव्हा मोबाइलवरील चित्रे नव्हती. ‘जाणणारेच दडविणारे’ हा संशय मात्र होता, आणि एका सकाळीपुरता तो पुरला. आज तोच संशय रोज, घरोघर, संगीताच्या साथीने पेरला जात आहे. ज्यांच्या घरी पोथ्या आहेत त्यांनी तरी यास करमणूक समजू नये.

उपाय काय? बंदीचा नव्हे, बंदीने तर त्यांचेच म्हणणे सिद्ध होईल. आपण आपापल्या तालुक्यातील प्रत्येक लेण्याचे व देवळाचे मोजमाप, खांबांची स्थिती आणि प्रकाशित लेखांचा गोषवारा सोप्या मराठीत छापावा. प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार द्यावा. आणि जेथे केवळ परंपरा आहे तेथे ‘परंपरा’ असा शब्द लिहावा. संग्रहातील पोथ्यांच्या याद्या व छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांस खुली करावी. ज्या यंत्राने संशय पसरतो त्यानेच ताम्रपटाचा ठसाही पाचनईच्या मुलापर्यंत पोहोचतो.

माझ्या विद्यार्थ्यास मी उत्तर दिले ते असे. त्यास कागद घेऊन शक १२३४ मध्ये बारा मिळवावयास सांगितले, साठाने भागावयास लाविले आणि संवत्सरांची यादी पुढे ठेविली. शेहेचाळिसाव्या नावावर बोट ठेवून तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, हे तर कोणीही करून पाहू शकतो.” अमृतेश्वराविषयी शाळेत जे सांगितले त्यास पुरेसा आधार नव्हता, हेही मी त्याच वेळी त्याच्यापाशी कबूल केले. आता गडावर तो युगांची कथा सांगतो ती कथा म्हणून, आणि चांगदेवांचा शक सांगतो तो हिशेबासह. प्रवासी कोणत्या गोष्टीस अधिक वेळ थांबतात, असे मी त्यास विचारिले. तो म्हणाला, “अजून तरी खांबापाशीच.”

ते खरेच असणार. आपले काम त्यावरून मोजावे.